हरीअण्णाचे पाटे आणि अंबूताईंची आमटी

कल्पना करा, तुम्ही एका जुन्या पिकअपच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसला आहात. चाक काढून बाजूला ठेवलंय. गाडी जॅकने उचलून खाली लाकडी ठोकळे दिलेत, कारण नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली डोकं घालणारा माणूस फार दिवस मेकॅनिक राहत नाही. तुमच्या नाकासमोर पाटे आहेत. धनुष्यासारखे वाकलेले लोखंडी पट्टे, एकाखाली एक रचलेले, वरचा सगळ्यात लांब, खालचे आखूड होत गेलेले. गाडीचं सगळं ओझं यांच्या पाठीवर. त्यांना अ‍ॅक्सलशी जखडून ठेवणारे यू-बोल्ट इतके गंजलेत की नट कुठे संपतो आणि बोल्ट कुठे सुरू होतो ते दिसत नाही. तुम्ही पाना लावता. पान्याला लांब पाइप जोडता. जोर लावता. नट ढिम्म. तेल सोडता, थोडं थांबता, देवाचं नाव घेता आणि पुन्हा सगळ्या अंगाचा भार टाकता. कटकन आवाज होतो. नट सुटला की मनगट मोडलं, हे कळायला क्षणभर जावा लागतो.

गुरुवारी सकाळी हुबळीच्या गदग रोडवरच्या नागोजीच्या शेडमध्ये हरीअण्णाला तो क्षण चार वेळा अनुभवायला मिळाला. एका बाजूचे चार नट. दुसरी बाजू अजून बाकीच होती.

"जोर लाव की रे," स्टुलावर बसलेला नागोजी म्हणाला. "सकाळी काय खाल्लास?"

"उप्पीट."

"म्हणूनच. पाट्याच्या कामाला येताना भाकरी खाऊन यायचं."

नागोजी सत्तरीचा. दुर्गदबैलच्या बाजारात माल वाहणाऱ्या निम्म्या गाड्यांचे पाटे त्याच्या हातून गेलेले. आता त्याचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून ओळखीच्या गिऱ्हाइकाला तो स्वतःच्याच गाडीखाली बसवतो आणि आपण स्टुलावरून हुकूम सोडतो. अनोळखी माणसाची गाडी तो घेतच नाही. त्याला वाटतं, ही गिऱ्हाइकाची सोय आहे.

हरीअण्णाचं पूर्ण नाव श्रीहरी. वय बावन्न. राहायला उणकलला, तळ्यापासून चार घरं आत. गेली सोळा वर्षं तो ही पिकअप चालवतोय. लोखंडी पाइप, गाद्या, कपाटं, शाळेचे बाक, जे मिळेल ते तो नेतो. पण ही कामं कुणीही करू शकतो, हे त्याला ठाऊक आहे. त्याची ओळख वेगळीच आहे. तो अंबूताईंची आमटी नेतो.

अंबूताईंचं स्वयंपाकघर उणकललाच. लग्न, मुंज, बारसं, काहीही असो, हुबळी-धारवाडातल्या मराठी घरांत पुरणपोळीचा बेत ठरला की पहिला फोन त्यांना जातो. कानडी घरांतून होळगीसाठी, म्हणजे पुरणपोळीसाठीच, जातो, तोही त्यांनाच. पोळ्या डब्यातून कुठल्याही गाडीने पोचतात. प्रश्न असतो कटाच्या आमटीचा. पातळ, झणझणीत, गुडघ्याएवढ्या भगोण्यात काठोकाठ. त्यावर अंबूताई घट्ट झाकण कधी लावत नाहीत. "कोंडली की तिचा वास मरतो," हे त्यांचं ठाम मत. भगोण्याच्या तोंडावर पांढरं फडकं बांधायचं आणि निघायचं. हॉलवर पोचल्यावर त्या पहिल्यांदा फडकं बघतात, मग माणसं. फडकं पांढरं आलं तर हरी शहाणा. लाल आलं तर... पण सोळा वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

ती गेल्या आठवड्यात आली. देशपांडे नगरात बारसं होतं. फडकं मधोमध लाल, भगोणं चार बोटं रिकामं, आणि आमटीचा ओघळ थेट तळलेल्या पापडांच्या टोपलीत.

अंबूताईंनी त्यातला एक पापड उचलला. तो त्यांच्या दोन बोटांवरून रुमालासारखा खाली लोंबला.

"हरी, पापड भिजवून खायची रीत कुठल्या गावात आहे रे?"

"रस्ता खोदलाय, अंबूताई. पाण्याच्या पाइपलाइनसाठी."

"रस्ता दरवर्षी खोदतात. आमटी यंदाच सांडली." त्यांनी पापड परत टोपलीत ठेवला. आवाज चढवला नाही, हेच हरीअण्णाला जास्त लागलं. "हे बघ, येत्या रविवारी धारवाडला लग्न आहे. चारशे पान. माझ्या शाळेतल्या मास्तरांच्या नातीचं. त्या दिवशी फडकं लाल आलं, तर पुढच्या मुहूर्ताला मी दुसरी गाडी बोलावणार. तुला वाईट वाटेल, मलाही वाटेल. पण आमटी पानात वाढायची असते."

घरी येऊन हरीअण्णाने सगळं सांगितलं. त्याची बायको रेखा म्हणाली, "अहो, भाडी काय कमी आहेत?" त्याला भाड्याचं काही नव्हतं. मंगल कार्यालयांचे वॉचमन त्याची गाडी दिसली की न विचारता फाटक उघडत. शेवटच्या पंगतीला आचाऱ्यांच्या रांगेत त्याचं पान मांडलेलं असे. "हरीचा पाय बघा," लोक म्हणत, "ब्रेकवर ठेवतो ते कळतसुद्धा नाही." गाद्या नेणाऱ्याच्या पायाचं कौतुक कोण करतंय?

म्हणून गुरुवारी तो नागोजीकडे आला होता.

नागोजीने आधी गाडीच्या मागच्या फळीवर दोन्ही हात टेकून भार दिला आणि एकदम सोडला. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली. चार वेळा झाल्यावर कुठे थांबली.

"शॉकप मेलेत," तो म्हणाला. "एकदा खाली, एकदा वर आणि गप्प, असं पाहिजे. ही तर पाळण्यासारखी झुलतीय. आणि पाटे बघ. धनुष्याची पट्टी झाली की. नवीन घाल सगळं."

नवे शॉकप आले, नवे पाटे आले, नवे रबरी बुश आले. दुपारपर्यंत हरीअण्णाने दोन्ही बाजू मोकळ्या केल्या. हाताला फोड आले, कपाळावर ग्रीस लागलं, पण मन हलकं झालं होतं. तेवढ्यात नागोजी कोपऱ्यात गेला, भिंतीला टेकवलेल्या पाट्यांतून निवडून दोन काढले आणि अंगठ्याने त्यांना कुंकू लावलं.

"हे माझ्याकडून. एकेका बाजूला एकेक."

आता ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. दुर्गदबैलच्या गाड्यांना नवे पाटे बसवले की एक पाटा जादा घालायची रीतच आहे. गाडीच्या कागदावर लिहिलंय तेवढंच ओझं तिथे कोणी नेत नाही. तांदूळ असो, सिमेंट असो, दीडपट भरल्याशिवाय हमालाला चैन पडत नाही. म्हणून जादा पाटा. माप मोजून झाल्यावर दुकानदार वर एक मूठ घालतो, तसा. पण नागोजी तो सगळ्यांना पदरचा देत नाही. पिढीजात ओळखीच्या चार-पाच माणसांनाच देतो, तोही कुंकू लावून. नाही म्हणणं म्हणजे घरच्या बाईने आग्रहाने वाढलेली पोळी पानातून उचलून परत देण्यासारखं.

'मामा, मी आमटी नेतो, सिमेंट नाही,' हे वाक्य हरीअण्णाच्या ओठांपर्यंत आलं होतं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"तुमचा आशीर्वाद, मामा."

"हां. आता चाकं लाव, गाडी खाली घे, आणि मग शेवटचा आवळ. बुशवर वजन पडल्याशिवाय आवळायचं नाही. अधांतरी आवळलास तर तो जन्मभर पिळवटलेला राहतो."

गाडी खाली आली ती बेंदराच्या बैलासारखी पाठ उंच करूनच. हरीअण्णा तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आला. सोळा वर्षांत ती इतकी देखणी कधी दिसली नव्हती.

शुक्रवारी सकाळी रेखाने एका भगोण्यात पाणी भरलं, त्यात हळद कालवली, म्हणजे डाग दिसेल, आणि वर फडकं बांधलं. हरीअण्णा तळ्याच्या बाजूने एक फेरी मारून आला. वाटेत तीन हंप, म्हणजे स्पीडब्रेकर. नेहमीसारखाच हळू, नेहमीसारखाच जपून.

रेखाने फडकं सोडलं. ते सगळं पिवळं झालेलं. भगोणं अर्धं.

"जुनी बरी होती," ती म्हणाली. "ती थकली होती नुसती. हिच्या तर अंगात आलंय."

हरीअण्णा पायरीवर बसला. त्याला कारण लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त त्रास झाला. पाट्याला ओझं लागतं. पाठीवर वीस पोती असली की कडक पाटा दबतो, लवतो, खड्डा पोटात घालतो. पण अंबूताईंचा सगळा स्वयंपाक, भगोणी-डबे धरून, चार-पाच पोत्यांपेक्षा जास्त भरत नाही. एवढ्याशा वजनाला नागोजीचा पाटा वाकायलाच तयार नव्हता. रस्त्यावरचा प्रत्येक खडा तो जसाच्या तसा आमटीपर्यंत पोचवत होता.

उपाय सोपा होता. जादा पाटा काढायचा. अवघड होतं ते नागोजीला सांगणं. हरीअण्णाने तीनदा फोन लावून कापला. चौथ्यांदा नागोजीनेच फोन केला.

"काय रे, कशी चालतीय?"

"एकदम झकास, मामा."

"चालणारच. पाटा कुणाचा आहे?"

फोन ठेवल्यावर रेखाने कपाळाला हात लावला. "झकास काय? परवा धारवाडला चारशे माणसं कोरडा भात खाणार, आणि तुम्ही झकास!"

"मग काय सांगू? तुमच्या आशीर्वादाने आमटी सांडते?"

"सांगू नका की. नेऊन मागे बसवा त्यांना. भगोण्याजवळ."

शनिवारी सकाळी नागोजी मारुतीला जाऊन आला होता. पांढरा धुतलेला सदरा, कपाळाला शेंदूर. हरीअण्णाने गाडी शेडसमोर लावली. मागे पाण्याने भरलेलं भगोणं होतं, फडकं बांधून.

"मामा, मागून कसलातरी आवाज येतोय. जरा बसून ऐकता काय?"

"कसला आवाज? माझ्या पाट्याचा आवाज नसतो." असं म्हणत नागोजी हरीअण्णाचा हात धरून वर चढला, घडी घातलेल्या पोत्यावर बसला आणि आधाराला भगोण्याच्या कडीला धरलं.

पहिल्या हंपला मागून काही आलं नाही. दुसऱ्या हंपला "यप्पाऽ!" अशी आरोळी आली. तिसऱ्या हंपनंतर केबिनच्या टपावर धडाधड थापा पडू लागल्या. हरीअण्णा गाडी बाजूला घेऊन खाली उतरला.

नागोजी छातीपासून पायापर्यंत भिजला होता. शेंदूर नाकावरून ओघळत होता.

"मामा, कळलं आवाज कुठून येतोय?"

"कळलं," नागोजी म्हणाला. "माझ्या तोंडातून येतोय."

नागोजीने सदऱ्याचं टोक पिळलं. पाणी बरंच निघालं.

"चाळीस वर्षं मी पाटे घातले. काढला एकही नाही. तुझा पहिला."

"रागावला काय, मामा?"

"आता रागावून काय उपयोग? अंघोळ झाली. चल, काढू."

शेडमध्ये परत सगळं खोललं. या वेळी नट नवे होते, भराभर सुटले. कुंकवाचे दोन्ही पाटे बाहेर आले. नागोजीने ते पुसून परत भिंतीला टेकवले, लग्न मोडून घरी आलेल्या मुलीला न्याहाळावं तसं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा फेरी झाली. आता पाणी कमी सांडलं, पण सांडलं. फडक्यावर तळहाताएवढा ओला डाग होताच.

"आता कंपनीचे आहेत तेवढेच पाटे राहिले," नागोजी म्हणाला. "याहून मऊ गाडी होत नसते."

हरीअण्णा भंगाराच्या ढिगापाशी गेला. त्याचे जुने पाटे तिथेच पडले होते. याच पाट्यांवर सोळा वर्षं एक थेंब सांडला नव्हता. शेवटी थकले, ती गोष्ट वेगळी. पण त्याआधी? त्याने एक जुडगा उचलून उभा केला आणि सहज बोटाने मोजला. पाच. नव्यात सहा होते. दुसऱ्या बाजूचा मोजला. तोही पाचच.

"मामा, जुन्यात पाच आहेत."

"पडला असेल एखादा."

"दोन्ही बाजूंचा? एकदमच?"

नागोजी स्टुलावरून उठला. त्याने जुडगा उजेडात नेला, पाट्यांच्या मधोमध जाणारा बोल्ट निरखला. दुसऱ्या पाट्याखाली एकदम चौथ्याच्या मापाचा पाटा होता. बोल्ट कापून आखूड केलेला होता, आणि कापलेलं टोक कानशीने घासून गुळगुळीत केलं होतं. बोट फिरवलं तरी कुठे टोचत नव्हतं.

"तिसरा पाटा काढलाय," तो हळूच म्हणाला. "ठरवून काढलाय. आणि काम तर बघ, सोनाराचं. हे माझं नाही. हुबळीतलंच नाही. हुबळीत पाटा काढणारा कोणी जन्मलेला नाही."

"तुम्ही आज काढलात की."

"गप बस."

हरीअण्णाने ही पिकअप सोळा वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावरून घेतली होती. तेव्हाच ती चार वर्षं वापरलेली होती. टायर बघितले, इंजिन ऐकलं, पाटे कोण मोजतो? आणि नंतर लोक 'हरीचा पाय, हरीचा पाय' म्हणू लागले. त्यालाही ते खरं वाटलं. आता भंगाराच्या ढिगापाशी उभा असताना त्याच्या लक्षात आलं, की त्या कौतुकातला निम्मा वाटा कुणातरी भलत्याच माणसाचा होता, आणि आपण तो सोळा वर्षं एकट्याने खाल्ला. त्याला थोडी लाज वाटली, आणि मोठ्याने हसूही आलं.

"काय झालं रे?"

"काही नाही, मामा. तिसरा पाटा काढा."

नागोजीने काढला. पण अट घातली. "यात वीस पोती तांदूळ भरशील, तर माझं नाव सांगायचं नाही कुणाला."

"नाही भरणार."

"आणि बाजारात कुणाला कळता कामा नये, नागोजीने पाटे काढले म्हणून."

रविवारी सकाळी सात वाजता अंबूताईंच्या दारात भगोणी गाडीत चढत होती. आभाळ लख्ख, ढगाचा ठिपका नाही. आणि रस्त्याच्या टोकाकडून नागोजी चालत आला तो अंगात गुडघ्यापर्यंतचा रेनकोट घालून.

अंबूताई बघतच राहिल्या. "नागोजी, बरं आहे ना सगळं?"

"मी मागे बसणार," नागोजी म्हणाला. "काम माझं आहे. फडक्यावर माझा विश्वास नाही, माझ्या डोळ्यांवर आहे."

अंबूताई पुढे बसल्या. हरीअण्णाने गाडी सोडली. उणकल मागे पडलं, धारवाडचा रस्ता लागला. पहिला हंप आला तसे अंबूताईंनी डोळे मिटले. गाडी वर गेली, खाली आली आणि गप्प झाली. एकदा खाली, एकदा वर, बस्स. हरीअण्णाने आरशात बघितलं. भगोण्यांच्या मध्ये निळा रेनकोट ताठ बसला होता. नवलूरच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं, जोरात ब्रेक लावावा लागला, तेव्हा हरीअण्णाने कान टवकारले. मागून आवाज आला नाही. पण नागोजी मानी माणूस होता, भिजला तरी आज ओरडला नसता.

हॉलवर भगोणं उतरलं. अंबूताईंनी दोरी सोडली. फडकं वाफेने ओलं होतं आणि पांढरं होतं. त्यांनी ते उलटं करून बघितलं. उजेडात धरून बघितलं. कडा तपासल्या. दुसऱ्या भगोण्याचं फडकं सोडलं, तिसऱ्याचं सोडलं. मग त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बोलायला काही ठेवलं नाहीस की रे," त्या म्हणाल्या. "बुधवारी मुंज आहे. साडेसहाला ये. उशीर करू नको."

हरीअण्णाने फडकी घडी करून गाडीत ठेवली. मागे नागोजी रेनकोट काढत होता. सदरा घामाने चिंब झालेला.

"एक थेंब उडाला नाही," त्याने जाहीर केलं. "आज आतूनच भिजलो."

शेवटच्या पंगतीला आचाऱ्यांच्या रांगेत हरीअण्णाचं पान होतं, शेजारी नागोजीचं. अंबूताई स्वतः वाढायला आल्या. हरीअण्णाने भातात आमटी कालवली, पहिला घास घेतला आणि हात तसाच थांबला. आदल्या दिवशी घरी गेल्यावर त्याने ट्रंकेतले गाडीचे जुने कागद काढले होते. पहिल्या मालकाचं नाव होतं, सही होती, एक फोन नंबर होता. तो लावला, तर एका मुलीने उचलला. तिला पिकअप म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. नंबर कधीच दुसऱ्या कुणाचा तरी झाला होता.

"अंबूताई," त्याने विचारलं, "वजन नको, पण हिसका पण नको, असं काय असतं हो? आमटी सोडून?"

"आणखी आमटी," अंबूताई म्हणाल्या. "असेल कोणीतरी माझ्यासारखी."

"अंडी," नागोजी म्हणाला.

"अंड्यासाठी कोण एवढं टोक घासून ठेवतो, मामा?"

"काचेच्या बांगड्या?" पलीकडचा आचारी म्हणाला. "नाहीतर पेशंट असेल. घरातलं म्हातारं माणूस, दवाखान्यात न्यायला."

नागोजीने भुरका मारला. "माणूस असेल तर मग बरोबर आहे टोक घासलेलं," तो म्हणाला.

हरीअण्णा जेवत राहिला. अंबूताईंनी न विचारता आणखी एक पळी वाढली. त्याने नाही म्हटलं नाही, पण त्याचं लक्ष पानात नव्हतं. दारातून त्याची पिकअप दिसत होती, सावलीत, मागून किंचित बसलेली. चार वर्षं ती दुसऱ्याच कुणाच्या हातात होती, आणि त्या माणसाने कुणाला न सांगता तिच्या दोन्ही बाजूंचा एकेक पाटा कमी केला होता.

कोण असेल तो? आणि इतकं जपून काय नेत असेल?